डोलकाठीचा दिवा

ऐकायचंच आहे ना? मग नीट सरकून बसा. मधेच उठून मोरीत जायचं असेल तर आत्ताच जाऊन या, नंतर "आजी, सोबत चल" म्हणून माझा पदर ओढायचा नाही. ही गोष्ट माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरात घडलेली आहे. तिच्या यजमानांच्या, म्हणजे माझ्या भावोजींच्या तोंडून मी ती एकदाच ऐकली. आणि तिच्या सुनेच्या तोंडून, तीही एकदाच. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून बोलली आणि तरी दोघांच्या सांगण्यात सुईच्या टोकाएवढा फरक नव्हता. म्हणून मी ती खरी धरते. तुम्हाला काय धरायचं ते धरा.

भावोजी नौका बांधायच्या कारखान्यात सुतार होते. सगळे मेस्त्री म्हणायचे त्यांना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नौका बांधल्या आणि निवृत्त झाल्यावर घेतली एक स्वतःची बांधायला. शिडाची. आता यॉट म्हणतात तुम्ही लोक. कारखान्याच्या मागे, ताडपत्रीखाली, सकाळी डबा घेऊन जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. केसांत लाकडाचा भुसा. माझी बहीण म्हणायची, "यांनी सवत आणली असती तरी चाललं असतं गं, ती निदान पोळ्या लाटायला तरी आली असती."

मुलगा एकुलता एक. जन्मला तेव्हा ओंजळीत मावेल एवढा होता म्हणून त्याचं नाव पडलं बारक्या. पुढे दारातून वाकून आत यावं लागायचं इतका उंच झाला, तरी बारक्याच. बडबड्या. जेवताना, आंघोळ करताना, झोपेतसुद्धा तोंड चालू. आणि त्याची बायको जनावरांच्या दवाखान्यात कामाला. पंख मोडलेलं पाखरू, शेपटी चेंगरलेलं मांजर, जे सापडेल ते पदरात घालून घरी आणायची. बारक्या तिला चिमणी म्हणायचा, चारचौघांत, मोठ्यानं. ती त्याला अरे-तुरे करायची. आमच्या वेळी नवऱ्याला हाक मारायची तर आधी खोकावं लागायचं. पण खरं सांगते, त्या दोघांना बघून बरं वाटायचं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

तर नौका झाली तयार, पाण्यात उतरली, आणि पहिल्या फेरीला निघाली ही तिघं. बहीण गेली नाही. तिला झोपाळ्यावर बसलं तरी मळमळतं. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, वाटेत आवडेल तिथं नांगर टाकायचा आणि आठवड्याभरात परत यायचं, असा बेत.

शनिवारी वारा पडला. ती अमावास्या होती, हे लक्षात ठेवा, कारण अमावास्येला भरती-ओहोटी दोन्ही जोराची असते. शिडं नुसती लोंबायला लागली. भावोजींनी नकाशा बघितला, जवळच एक खाडी होती, इंजिन लावून आत घेतली नौका आणि मधोमध नांगर टाकला.

सून म्हणाली, तिनं तशी जागा जन्मात बघितली नव्हती. घर नाही, रस्ता नाही, विजेचा खांब नाही. दोन्ही काठांना पाण्यात पाय बुडवून उभी असलेली झाडं, आणि त्या झाडांवर पानं कमी आणि पाखरं जास्त. पांढरे बगळे. निळे खंड्ये. एका वठलेल्या झाडावर गरुडाचं जोडपं, न्यायाधीशासारखं. पाणमांजरं तर तिनं चार मोजली, चिखलावरून पोटावर घसरत पाण्यात पडायची आणि पुन्हा वर चढून पुन्हा घसरायची, शाळा सुटलेल्या पोरांसारखी. एक कासव नौकेशेजारी वर आलं, श्वास घेतला, तिच्याकडे बघितलं आणि गेलं.

"बाबा, इथं चार दिवस राहूया," ती म्हणाली.

"रहा की," भावोजी म्हणाले. "तुझ्या सासूला कळवू, की तुझी सून कासवाकडे नांदायला गेली."

हसत-खेळत चाललं होतं सगळं. मग चहा झाला. बारक्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बाबा, चहाला रंगाचा वास येतोय."

भावोजींनी पाण्याची टाकी स्वतः केली होती, आतून रंग स्वतः दिला होता. "कसला वास? तुझ्या नाकाला वास."

"चिमणे, तू सांग."

सून बिचारी अडकली. सासऱ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "थोडा... म्हणजे... जुन्या कपाटासारखा," म्हणाली.

झालं. भावोजी फुगले. बारक्या हसत उठला, दोन रिकामे कॅन घेतले, मागे बांधलेली रबरी होडी पाण्यात सोडली. पलीकडच्या काठाला झाडांच्या मागे एक झरा खडकावरून पडताना दिसत होता. वल्ही मारत गेलं तर चहा निवायच्या आत पोचेल, इतकं जवळ.

"ओहोटी लागायच्या आत ये," भावोजी फुगलेल्या आवाजातच म्हणाले.

"आलोच. तोवर तुमचं अमृत तुम्हीच प्या."

गेला.

आता खाडीचं एक सांगते, कारण पुढे ते लागेल. भरती असते तेव्हा खाडी ताटासारखी भरलेली. ओहोटी लागली की दोन्ही काठांचं पाणी निघून जातं आणि उरतो चिखल. असा तसा नाही, कमरेपर्यंत गिळणारा. मधे फक्त एक खोल पट्टा राहतो, तिथं नौका उभी होती. काठाशी होडी अडकली की अडकली. उतरायचं नाही, होडीत बसून राहायचं, भरतीचं पाणी परत आलं की होडी आपोआप तरंगते. नौकांवरच्या माणसांना यात विशेष काही वाटत नाही. गाडी चुकली तर आपण फलाटावर बसतो, तसं.

बारक्याला झऱ्याशी वेळ लागला असावा. उजेड सरत आला, पाणी सरसर उतरायला लागलं, आणि पलीकडून त्याची टॉर्च चमकली.

"बाबाऽ! अडकलो!"

"उतरू नकोस होडीतून!"

"नाही उतरत! भरतीला येतो! दिवा ठेवा!"

"ठेवतो!"

"चिमणे, माझ्या वाटणीचं जेवण ठेव! बाबांना देऊ नकोस!"

मग टॉर्च विझली. बॅटरी राखून ठेवायची म्हणून त्यानंच विझवली. तेव्हा सगळे हसले होते. सून मला म्हणाली, "मावशी, मी हसले होते."

नांगरलेल्या नौकेच्या डोलकाठीच्या टोकावर एक पांढरा दिवा लावायचा असतो. इतरांना नौका दिसावी म्हणून, आणि आपला माणूस बाहेर असेल तर त्याला घर सापडावं म्हणून. काळोख्या खाडीत दुसरी खूणच नसते. भावोजींनी खटका दाबला. वर दिवा लागला.

आणि धुकं उतरलं.

आधी पाण्यावर, पायाशी. मग झाडं गेली. मग नौकेचं पुढचं टोक गेलं. दिव्याभोवती नुसता पांढरा गोळा राहिला, आणि त्या गोळ्यात पाखरं यायला लागली.

हंगामच होता तो. थंड मुलखातली लहान लहान पाखरं रात्रीची उडत दूर जातात, समुद्र ओलांडून. धुक्यात त्यांना वाट दिसत नाही, उजेड दिसला की त्याकडेच येतात, आणि दिव्याभोवती फिरत राहतात, फिरत राहतात, थकेपर्यंत. डोलकाठीवर आपटतात, ताणलेल्या तारांवर आपटतात. टप्. टप्. डेकवर पडायला लागली ती. मुठीएवढी, गरम, मान टाकलेली. सुनेनं एकेक उचलून खोक्यात ठेवलं, मग टोपलीत, मग ओढणीत. मग जागा उरली नाही. ती रडायला लागली.

"बाबा, दिवा घालवा ना."

"अगं, तो यायचाय."

"भरतीला यायचाय ना? भरतीला अजून किती वेळ आहे. तोवर घालवा. पाणी फिरलं की लावू."

भावोजींनी विचार केला. बोलणं बरोबर होतं. ओहोटीचं पाणी अजून खाली जात होतं, होडी चिखलात होती, चिखलातल्या माणसाला दिवा असला काय, नसला काय. आणि वर ती पाखरं... टप्... टप्... त्यांनाही बघवेना.

त्यांनी दिवा घालवला.

थोड्या वेळानं पंखांचा आवाज थांबला. खाली खोलीतलाही बल्ब सुनेनं बंद केला, खिडकीतून उजेड जाऊन पाखरं येतील म्हणून. दोघं मागच्या बैठकीत अंगावर घोंगडं घेऊन बसली. काळोख म्हणजे असा, की डोळे मिटले काय, उघडे ठेवले काय. नौकेच्या बाजूनं पाणी जात असल्याचा बारीक आवाज. बाकी काही नाही. सून म्हणाली, दिवसभर एवढी किलबिल, आणि आता एक बेडूकही नाही...

आणि मग वल्ह्यांचा आवाज आला.

छप्. छप्. छप्. एकसारखा. घाई नाही.

"आला वाटतं," भावोजी उठले. "थांब, दिवा—"

"दिवा नको, बाबा."

अगदी जवळून. नौकेच्या कडेखालून.

"डोळ्यांवर येतो. राहू दे."

आवाज बारक्याचाच. दमलेला, ओला, पण त्याचाच. भावोजींनी वाकून हात पुढे केला. हातात दोर आला. तो त्यांनी चाचपडत खुंटीला बांधला. मग नौका एका बाजूला झुकली, माणूस चढला की झुकते तशी, आणि तो वर आला. पाणी गळत होतं त्याच्या अंगाचं.

"अरे देवा, भिजलास किती! पडलास का चिखलात?" सुनेनं त्याला ओढून शेजारी बसवलं, आपलं घोंगडं त्याच्याभोवती गुंडाळलं. "हात बघ कसा गार पडलाय. दे इकडे." तिनं त्याचा हात आपल्या उजव्या हातात घेतला आणि चोळत बसली.

"कॅन कुठे आहेत?" भावोजींनी विचारलं.

घोंगड्यातून पाणी ठिबकत राहिलं.

"जेवतोस?"

"नको."

"खाली जाऊन झोप मग."

"इथंच बरं आहे."

भावोजींना वाटलं, दमलाय. वाटणारच. पोटचा पोरगा परत आलाय, आपण कशाला खोडी काढत बसू? ते टेकून बसले. सून हळू आवाजात काय काय बोलत होती त्याच्याशी, पाखरांचं सांगत होती, किती पडली, किती जगतील. तो ऐकत होता. नुसता ऐकत होता.

भावोजी मला म्हणाले, "ताई, मला तिथंच कळायला हवं होतं. आमचा बारक्या आणि गप्प?"

पण तेव्हा नाही कळलं. कळलं ते वेगळ्यानंच.

नौका वळली.

नांगरलेली नौका नेहमी वाहत्या पाण्याकडे नाक करून उभी राहते. ओहोटी असेल तर नाक आत, जमिनीकडे. भरती लागली की ती साखळीभोवती सावकाश फिरते आणि नाक समुद्राकडे करते. भावोजी जन्मभर पाण्यावर काम केलेले. बसल्या जागी, अंधारात, त्यांना ते वळणं कळलं. साखळी करकरली. पाठीमागून येणारा गारवा गालावर आला. नौका पूर्ण फिरली आणि थांबली.

भरती आत्ता लागली होती.

आत्ता.

म्हणजे तो आला तेव्हा पलीकडे पाणीच नव्हतं. होडी चिखलात होती. तरंगणं शक्यच नाही.

मग हा आला कसा?

ते हलले नाहीत. समोर, हाताच्या अंतरावर, घोंगड्यातून पाणी ठिबकत होतं. टिप्... टिप्... एवढा वेळ झाला, तरी ठिबकतच होतं.

त्यांचा हात खटक्याकडे गेला.

"बाबा." आवाज शांत होता. "दिवा नको."

"का?"

"असू दे ना, बाबा," सून म्हणाली. "पुन्हा पाखरं येतील. आणि हा बघा, आत्ता कुठे ऊब धरतोय."

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

लांबून. धुक्यातून.

"बाबाऽऽ! दिवा!"

सुनेची चोळणारी बोटं थांबली.

"अहो मेस्त्रीऽ! झोपलात काय? दिवा लावा की! बॅटरी वाचवताय का माझ्या लग्नासाठी? झालं माझं लग्न!"

आणि हसणं.

सून आवाजाकडे वळली. "बाबा... कोण आहे ते?"

घोंगड्यातून आवाज आला. "ओ देऊ नका. ते मी नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढं ढळढळीत होतं, मग भावोजींनी लावायचा दिवा! सांगणं सोपं आहे, बाळांनो. तुमच्या समोर तुमचा मुलगा बसलाय. तुम्ही त्याला हातानं वर घेतलंय. त्याची बायको त्याचा हात धरून बसलीय. आणि बाहेरच्या काळोखात काहीतरी त्याच्या आवाजात हाका मारतंय. भावोजींच्या मनात एकच आलं. आपण दिवा लावला आणि इथं समोर कुणीच नसलं, तर? दिवा नाही लावला तर मुलगा आहे. निदान असेल. लावला तर... ते भरती-बिरतीचं सगळं त्यांनी स्वतःलाच पटवून टाकलं. चिखलातून सरपटत आला असेल. पोहत आला असेल. म्हणून तर भिजलाय. असंच असेल.

त्यांनी हात मागे घेतला.

मला विचाराल तर, मी तरी काय वेगळं केलं असतं?

हाका जवळ आल्या. वल्ही ऐकू यायला लागली.

"बाबा, काही दिसत नाहीय हो. टॉर्च गेली. कुठे आहात?"

अगदी जवळ. दोन हातांवर, धुक्यात. होडीच्या रबराला पाणी लागल्याचा आवाजसुद्धा आला.

"चिमणे?"

सुनेनं डावा हात कानावर दाबून धरला. उजवा त्याच्या हातात होता. तिच्या हातावरची पकड घट्ट झाली...

"चिमणे, ओ दे ना गं."

भरतीचं पाणी त्याला पुढे घेऊन गेलं. आत, झाडांच्या बाजूला. हाका कधी डावीकडून यायच्या, कधी मागून. त्यातली मस्करी गेली. मग शब्द गेले. नुसतं "बाबा". मग नुसतं "ओऽऽ". मग घसा बसल्यासारखं काहीतरी.

मग तेही नाही.

किती वेळ गेला, दोघांनाही सांगता आलं नाही. नौका परत वळली. साखळी पुन्हा करकरली. भरती संपून ओहोटी लागली होती, आणि अमावास्येची ओहोटी, जे तरंगतंय ते सगळं ओढून समुद्राकडे नेणारी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा होता. तिथं लाटा फुटत होत्या, त्यांचा घोष आता इथवर येत होता.

तेव्हा पुन्हा वल्ही.

आतून बाहेर. हाक नाही. ओरडणं नाही. नुसती वल्ही.

दोन लांब, एक आखूड. दोन लांब, एक आखूड.

भावोजी ताडकन उठले.

अशी वल्ही सगळ्या जगात एकच माणूस मारायचा. लहानपणी बारक्याचा डावा हात मोडला होता, तिसऱ्या ओढीला तो दुखायचा, म्हणून भावोजींनीच त्याला तसं शिकवलं होतं. हात बरा झाला, सवय राहिली. रात्री जो आला होता त्याची वल्ही एकसारखी होती.

त्यांनी खटका दाबला.

उजेड पडला. धुकं पांढरं झालं. पाखरं आली, कुठून कुणास ठाऊक, शेकड्यांनी.

बैठकीवर घोंगडं होतं. माणूस बसल्यासारखं उभं. वर डोकं नाही. आत काही नाही. भावोजींच्या देखत ते सावकाश खाली बसलं आणि सपाट झालं.

सून शेजारी होती. डोळे सताड उघडे. उजवा हात हवेत, मूठ अर्धवट मिटलेली, कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

"श्श, बाबा," ती म्हणाली. "हळू. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

आणि लांबून, समुद्राच्या बाजूनं, लाटांच्या आवाजातून, आनंदानं फाटलेला आवाज आला.

"दिसलाऽ! बाबा, दिसला दिवा! आलोऽऽ!"

सुनेनं मान वळवली. ऐकलं. मग आपल्या हाताकडे बघितलं.

भावोजी ओरडत होते. घसा फुटेपर्यंत ओरडत होते. भोंगा वाजवला. इंजिन लावलं, साखळी ओढायला घेतली, ती चिखलात रुतली होती, निघेना. शेवटी साखळीचं टोक ज्या दोरानं नौकेला बांधलेलं होतं, तो दोर करवतीनं कापला आणि नांगर सोडून देऊन निघाले. तोंडाशी पोचले तेव्हा उजाडत होतं. लाटा फुटत होत्या. पांढरा फेस. बाकी काही नाही. पुन्हा हाक आली नाही.

वायरलेसवरून बोलावलेली मदतीची बोट दुपारी आली. रबरी होडी त्यांना वाळूच्या पलीकडे सापडली, उलटी. दोन्ही कॅन तिला पक्के बांधलेले, काठोकाठ भरलेले. वल्ही नाहीत. बारक्या नाही. आजवर नाही.

भावोजींनी ज्या खुंटीला दोर बांधला होता, तिथं गाठ होती. गाठ त्यांचीच. दोर नौकेवरचाच, शिडाचा. दुसरं टोक पाण्यात लोंबत होतं, आणि त्याला काही बांधलेलं नव्हतं.

कोण होता तो? त्याला काय हवं होतं? मला विचारू नका. मला ठाऊक असतं तर मी रात्री नीट झोपले असते. भावोजी त्यानंतर कारखान्याकडे फिरकले नाहीत. नौका विकली नाही, मोडली नाही. तिथंच ताडपत्रीखाली उभी आहे. भावोजी घरातला एकही दिवा रात्री मालवू देत नाहीत. माझी बहीण तोंडावर उशी घेऊन झोपते. ते आणि बहीण एका घरात राहतात, पण एकमेकांकडे बघून बोलताना मी त्यांना पाहिलेलं नाही. बारक्या म्हणाला होता "दिवा ठेवा", हे बहिणीला ठाऊक आहे.

सून माहेरी राहिली नाही. नेलं होतं तिच्या आईनं, चार दिवसांत परत आली. दवाखान्याची नोकरी मात्र सुटली.

मी भेटायला गेले तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. स्वयंपाकघरात ती माझ्यासमोर बसली, डाव्या हातानं चहा ढवळत. उजवा हात मांडीखाली.

"हाताला काय झालं गं?"

"काही नाही, मावशी."

मी ऐकते होय? मी हात ओढून घेतला आणि उलटा करून बघितला.

बोटांची टोकं पांढरी पडलेली. तळवा सुरकुतलेला, फुगलेला. रात्रभर पाण्यात ठेवला तर होतो, तसा.

"आत्ता धुणं धुतलंस का?"

"नाही."

"भांडी?"

तिनं मान हलवली.

मी माझ्या पदरानं पुसला. नीट, एकेक बोट, लहान मुलाचं पुसतात तसं. दाबून दाबून पुसला. पदर चिंब झाला. तिनं हात टेबलावर ठेवला, आणि आम्ही दोघी बघत बसलो.

थोड्या वेळानं तळहाताखालून पाणी यायला लागलं.

"दुसरा बघू," मी म्हणाले.

तिनं डावा हात पुढे केला. तो कोरडा होता. गरम होता. चांगला होता.